मुहेझाची शाळा, न्जोंबेचा वर्ग

मुहेझा संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. टांझानियाच्या ईशान्य कोपऱ्यातलं हे तालुक्याचं गाव. हंगामात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग, मधूनमधून नारळाच्या वाड्या आणि मागे उसांबारा डोंगरांची रांग. उरलेल्या जागेत सायझल. आपल्या घायपातीच्या कुळातलं हे झाड, पानांतून निघणाऱ्या वाखाचे दोर होतात. जर्मन अमदानीत १८९३ साली रिचर्ड हिंडोर्फ नावाच्या कृषितज्ज्ञानं फ्लोरिडाहून याची रोपं मागवली. वाटेत बहुतेक मेली. जगली त्या थोडक्या रोपांतून टांगा प्रांतभर मळे उभे राहिले आणि एके काळी या देशाचं पोट त्यांच्यावर चाललं. परक्या मातीत रुजण्याचं हे उदाहरण आमच्या खिडकीतूनच दिसायचं. आमचं रुजणं मात्र इतकं सोपं नव्हतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा. मी न्यू जर्सीतल्या शाळेत गणित शिकवत असे, तो स्थापत्य अभियंता. मुलगी मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं, आणि लोक ज्या वयात क्रूझची तिकिटं काढतात त्या वयात आम्ही पीस कोरचा अर्ज भरला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी आदेश काढून परदेशी स्वयंसेवक पाठवणारी ही संस्था सुरू केली. मुख्य अट अशी, की अमेरिकेचं नागरिकत्व हवं आणि वय किमान १८. वरची मर्यादा नाही. मुदत २७ महिने: आधी सुमारे तीन महिने प्रशिक्षण, मग शपथ, मग दोन वर्षं काम. हातात पडतो तो त्या गावात साधेपणानं भागेल एवढा निर्वाहभत्ता.

"आई, या वयात?" असं मुलीनं विचारलं तेव्हा मी तिला लिलियन कार्टर यांचं नाव सांगितलं. या परिचारिका १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, पीस कोरतर्फे मुंबईला आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत रुग्णसेवेत राहिल्या. त्यासाठी त्यांना मराठी शिकावी लागली. त्यांचा मुलगा जिमी तेव्हा जॉर्जियाच्या राज्य सिनेटमध्ये होता, राष्ट्राध्यक्ष व्हायला अजून अवकाश होता. पीस कोर भारतात १९७६पर्यंत होती. जॉर्जियाच्या भुईमुगाच्या शेतातली बाई जर विक्रोळीत मराठी बोलत फिरली असेल, तर सावंतवाडीच्या मुलीनं टांझानियात स्वाहिली का बोलू नये, असा माझा युक्तिवाद होता. मुलगी गप्प बसली. पटलं म्हणून की थकली म्हणून, ते कळलं नाही.

आमचं प्रशिक्षण मुहेझात होतं. प्रशिक्षणात प्रत्येकाला एकेका स्थानिक कुटुंबात ठेवतात. आमच्या तुकडीतली बहुतेक मुलं नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. सकाळी चार-पाच जणांच्या गटानं आंब्याखाली बसून स्वाहिली, दुपारी जवळच्या शाळेत पाठ घेण्याचा सराव, नंतर हिवताप, लसी, पाण्याचा फिल्टर, रात्रीची सुरक्षितता अशी व्याख्यानं. मोटारसायकलच्या टॅक्सीला तिकडे बोडाबोडा म्हणतात. तिच्यावर बसायचं नाही, बसलात तर घरी पाठवू, हे इतक्या वेळा सांगितलं गेलं की शेवटी स्वप्नातही मी चालतच जायची.

वयाचा एक फायदा झाला. स्वाहिलीत लहानानं मोठ्याला 'शिकामू' म्हणायचं आणि मोठ्यानं 'मराहाबा' म्हणून ते स्वीकारायचं. रस्त्यातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याला, दुकानदाराला, शेजारणीला हे म्हणताना आमच्या तरुण सहकाऱ्यांच्या नाकी नऊ यायचे. आम्ही दोघं मात्र पांढऱ्या केसांच्या जोरावर गावभर शिकामू गोळा करत फिरायचो.

बाकी सगळ्यात मात्र आम्ही बालवर्गात होतो. बादलीभर पाण्यात अंघोळ मला नवी नव्हती. पण कोळशाची शेगडी न धुमसता पेटवणं, मच्छरदाणी नीट खोचणं, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली हातात घेऊन तिचा गोळा करून मध्यभागी अंगठ्यानं खळगा पाडणं, दारात उभं राहून आधी 'होडी' अशी हाक देणं आणि आतून 'करिबू' आल्यावरच पाऊल टाकणं, या सगळ्याची उजळणी व्हायची. यजमानीणबाईंची सहा वर्षांची मुलगी आमची कडक परीक्षक. नवऱ्यानं डाव्या हातानं काही दिलं की ती ते घेत नसे.

एका संध्याकाळी बाईंनी नारळाचा भात करायला घेतला. त्यांची खवणी बघून मी हरखले. बसायला बुटकं लाकडी आसन, त्यातून पुढे आलेलं लोखंडी पातं आणि टोकाला दातेरी चंद्रकोर. तळकोकणातल्या आदोळीची ही सख्खी बहीण. मी न विचारता तिच्यावर बसले आणि कवड मांडीशी धरून खवायला लागले. खोबरं करवंटीपर्यंत न्यायचं नाही, नाही तर तपकिरी कीस मिसळतो. मनगट फिरवायचं, कवड नाही. हात आपोआप चालत होते. बाई काम सोडून बघत उभ्या राहिल्या. मग शेजारीण आली, तिची सासू आली. घट्ट दूध वेगळं काढून मी दुसऱ्यांदा पाणी घातलं तेव्हा त्या सासूबाईंनी मान डोलावली.

बाई म्हणाल्या, "अमेरिकेत नारळ होतात?"

"माझ्या आईच्या घरी होतात. भारतात."

"मग तुम्ही अमेरिकेच्या कशा?"

दहा आठवड्यांच्या स्वाहिलीत या प्रश्नाचं उत्तर बसत नव्हतं. खरं तर मराठीतही ते मला नीट येत नाही. मी खोबरं पिळत राहिले.

हा प्रश्न पुढे सगळीकडे भेटला. टांझानियातल्या माणसाला भारतीय चेहरा नवा नाही. किनाऱ्यावर गुजराती व्यापाऱ्यांच्या पिढ्या गेल्या, गोवेकर कारकुनी आणि शिलाई करत राहिले. १९७१मध्ये सरकारनं मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या तेव्हा बरेच निघून गेले, बरेच राहिले. त्यामुळे 'म्हिंडी', म्हणजे भारतीय, म्हटलं की डोळ्यांसमोर गल्ल्यामागचा दुकानदार उभा राहतो. टांगा शहरात एका कापडवाल्यानं माझ्याशी सरळ गुजरातीत भाव सुरू केला आणि मी स्वाहिलीत उत्तर दिल्यावर त्याचा चेहरा पडला.

त्या टांगा बंदराला आम्ही सुटीच्या दिवशी गेलो होतो. मुहेझाहून बसनं तासाभराचा रस्ता. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४मध्ये, इथे ब्रिटिशांनी हिंदी फौज उतरवली होती. ती ऑक्टोबरमध्ये मुंबईहून बोटींतून निघालेली. तिच्यात १०१ ग्रेनेडियर्स ही जुन्या मुंबई लष्कराची पलटण होती, ग्वाल्हेर संस्थानचे शिपाई होते, काश्मीरचे होते. सुमारे आठ हजारांची ही फौज जेमतेम हजारभर जर्मन-आफ्रिकी सैनिकांसमोर टिकली नाही. आठवडेच्या आठवडे बोटीत कोंबलेली, समुद्र लागून आजारी पडलेली माणसं. पलटणींची एकमेकींशी ओळख नाही, किनाऱ्याची पाहणी झालेली नाही. त्यात गोळीबारानं चवताळलेल्या मधमाश्या दोन्ही बाजूंवर तुटून पडल्या, म्हणून इंग्रजीत या लढाईला मधमाश्यांची लढाई म्हणतात. शेकडो माणसं मेली. स्मारकावरची हिंदी नावं वाचताना नवरा म्हणाला, "आपल्याला निदान दहा आठवडे तरी दिलेत." ही थट्टा नव्हती. तयारीशिवाय परमुलखात माणसं उतरवण्याची किंमत त्या दगडावर कोरलेली होती. त्या दिवसानंतर मी हिवतापाच्या व्याख्यानाला पेंगले नाही.

प्रशिक्षणाच्या शेवटी भाषेची तोंडी परीक्षा असते. परीक्षक समोर बसतो, टेप चालू करतो आणि गप्पा मारतो. तुमचं कुटुंब कसं, काल काय खाल्लं, बाजारात टोमॅटो महाग मिळाले तर काय म्हणाल. गप्पा कुठे अडखळतात त्यावरून पातळी ठरते. ठरलेली पातळी गाठली नाही तर पुढेही शिकवणी चालू राहते. मी निभावले. नवरा तर भाव करण्याच्या प्रश्नावर इतका रंगला की परीक्षकाला टोमॅटो फुकट द्यायची वेळ आली. त्याला बाजाराची भाषा आली. मलाही तीच आली होती, आणि तीच वर्गात कामी येणार आहे हे जानेवारीत कळायचं होतं.

मग नेमणुका. मैदानात चुन्यानं देशाचा नकाशा आखला होता. नाव पुकारलं की आपापल्या जिल्ह्यावर जाऊन उभं राहायचं. आम्ही खाली दक्षिणेला, न्जोंबेवर. आमच्याजवळ फक्त इरिंगावरची दोन मुलं, बाकी सगळे लांब, ओरडल्याशिवाय ऐकू जाणार नाही इतके. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं, "न्जोंबेत थंडी असते, स्वेटर आहेत ना?" आफ्रिकेला जाताना स्वेटर कोण घेतं?

शपथेच्या आधी सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक बोलावले होते. ते दोन दिवस आमच्याबरोबर बसतात आणि मग आपापला स्वयंसेवक घेऊन गावी जातात. आमचे सर उंच, सडपातळ, अंगात सूट. हॉलमध्ये आले, हातातल्या कागदावरची नावं वाचली आणि शोधायला लागले. आमच्यासमोरून गेले. परत आले. पुन्हा गेले. शेवटी नवऱ्यानं उठून 'करिबू, म्वालिमू', म्हणजे 'या, गुरुजी', म्हटलं तेव्हा त्यांनी कागद पाहिला, आम्हाला पाहिलं आणि अतिशय सभ्यपणानं विचारलं, "अमेरिकन अजून यायचे आहेत का?"

हसू आवरून आम्ही ओळख करून दिली. त्यांचा विश्वास बसायला जेवणापर्यंतचा वेळ लागला. मात्र एकदा बसल्यावर त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला तो कामाचा होता: "गणित कोण शिकवणार?" मी हात वर केला. "देवानं पाठवलं," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात चिकनचा तुकडा वाढला. मी शाकाहारी आहे हे त्यांना त्या क्षणी सांगणं मला प्रशस्त वाटलं नाही. तो तुकडा नंतर नवऱ्याच्या ताटात गेला.

दारेसलाममध्ये शपथ झाली. अमेरिकेची राज्यघटना राखण्याची ही शपथ. नागरिकत्व घेताना न्यूअर्कच्या सभागृहात जवळपास असंच बोलले होते. तेव्हा अंगावर साडी होती, आता मुहेझाच्या शिंप्यानं शिवलेला कितेंगे कापडाचा झगा. समारंभात केक होता, भाषणं होती, ती जशी असतात तशीच होती. दुसऱ्या दिवशी पहाटे बस होती.

तिकिटावर वेळ लिहिलेली १२. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. बारा म्हणजे सहा. हे प्रशिक्षणात पाठ झालं होतं म्हणून आम्ही वेळेत पोहोचलो. सरांनी आमच्या ट्रंकेसाठी टपावरच्या माणसाशी दीर्घ चर्चा केली आणि गाडी निघाली.

दारेसलामहून झांबियाकडे जाणारा हा महामार्ग मिकुमी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जातो. बसच्या खिडकीतून जिराफ दिसले, हत्तींचा कळप दिसला, आणि आम्ही दोघांखेरीज बसमध्ये कोणी मानही वळवली नाही. पुढे ग्रेट रुआहा नदीच्या खोऱ्यात गोरखचिंचेची वनं लागतात. पानं नसलेली, फुगलेल्या बुंध्यांची शेकडो झाडं. मग कितोंगाचा घाट. पुढचा ट्रक हळूहळू चढतो, त्याच्या मागे आपली बस, खाली दरी, आणि ड्रायव्हरचा एक हात खिडकीबाहेर. वर गेल्यावर हवाच बदलते. इरिंगा, मफिंगा, मग मकांबाकोला चिन्यांनी बांधलेली ताझारा रेल्वे ओलांडायची. १९७०च्या दशकात झांबियाचं तांबं समुद्रापर्यंत न्यायला हा मार्ग झाला. न्जोंबेला उतरलो तेव्हा पाऊस आणि धुकं होतं, डोंगरउतारांवर बटाट्याची शेतं आणि पाईनची लागवड. सरांनी आपला कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला.

गावात वयस्क बायकांनी 'कामवेने' म्हणून स्वागत केलं. ही बेना लोकांची भाषा. इतके दिवस घोकलेली स्वाहिली त्यांच्यासाठीही दुसरीच भाषा होती, ती त्या शाळेत आणि बाजारात बोलायच्या. म्हणजे आम्ही पुन्हा बालवर्गात.

आणि शाळा बंद. डिसेंबरची सुटी. इथलं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं. प्रशिक्षणात दर तासाचं वेळापत्रक होतं. आता पूर्ण दिवस मोकळा आणि पाऊस. पहिले काही महिने नवे प्रकल्प काढू नका, माणसं ओळखा, असा संस्थेचा सल्ला असतो आणि तो शहाणपणाचा आहे. पण ज्याला आयुष्यभर काम करून पगार घ्यायची सवय, त्याच्यासाठी हा सल्ला पाळणं कठीण. नवऱ्यानं शाळेची पाण्याची टाकी तीनदा मोजली. मी शेजारणींबरोबर बटाटे काढायला गेले, लग्नाला गेले, दोन दफनविधींना गेले. तिथे काही बोलावं लागत नाही, नुसतं बसावं लागतं. गावानं आम्हाला पाहिलं ते तिथेच. 'म्हिंडी' जाऊन 'म्वालिमू' कधी झालं ते कळलं नाही. शिक्षक या शब्दाला या देशात वजन आहे. पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना आजही लोक म्वालिमू म्हणूनच ओळखतात.

जानेवारीत फॉर्म वनचा वर्ग माझ्या हाती आला. आपली आठवी म्हणा. साठाच्या आसपास मुलं, एका बाकावर तीन, सगळ्यांना स्वेटर, कोपऱ्यात खराटे आणि कुदळी कारण सकाळी शाळा झाडायची आणि बागेत काम करायचं ते त्यांनीच. मुलं शिस्तीत उभी राहून एका सुरात इंग्रजीत 'गुड मॉर्निंग, मॅडम' म्हणाली. मी फळ्यावर उदाहरण लिहिलं: पाच कुटुंबांना बारा डबे बटाटे सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती? बटाटे तिथे डब्यानं मोजूनच विकतात. साधं गणित. मी ते इंग्रजीत वाचलं. शांतता. पुन्हा वाचलं. सगळ्यांनी ते सुंदर अक्षरात वहीत उतरवून घेतलं आणि मुलं माझ्याकडे बघत बसली.

त्या नजरा मी ओळखल्या. सावंतवाडीत दहावीपर्यंत मी मराठीत शिकले. अकरावीला शास्त्र शाखेत गेले आणि एका जूनमध्ये सगळं इंग्रजी झालं. भागाकार तोच, पण तो आता 'डिव्हायडेड बाय' होता. पहिल्या चाचणीपर्यंत मी ढ ठरले होते. आमच्या वर्गातल्या कितीतरी हुशार मुली त्या वर्षी गळाल्या, त्यांनी कला शाखा घेतली किंवा घरी बसल्या. टांझानियात हा जून सातवीनंतर येतो. प्राथमिक शाळेची सात वर्षं सगळं स्वाहिलीत, माध्यमिकमध्ये पाऊल टाकलं की सगळं इंग्रजीत. इंग्रजीचा थोडा सराव सुरुवातीला करून घेतात, पण तो पुरत नाही. फॉर्म फोरच्या राष्ट्रीय परीक्षेत गणितात पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे कितीतरी जास्त असतात, ते उगाच नाही. २०१४च्या शैक्षणिक धोरणात सर्व स्तरांवर स्वाहिलीला जागा द्यायचं म्हटलं होतं. आमच्या वर्गापर्यंत ते आलं नव्हतं.

मी बाजाराची स्वाहिली गोळा करून विचारलं: बारा डबे, पाच घरं, 'गवान्या'. वाटा.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं क्षणात उत्तर दिलं: दोन डबे, आणि दोन उरतात. तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, उरलेले दोन बादलीनं वाटू. मग तिसरा, एका डब्यात किती बादल्या येतात यावरून त्याच्याशी भांडायला लागला. पाच मिनिटांत वर्ग अपूर्णांकांपर्यंत आपणहून पोहोचला होता. डब्यांची आणि घरांची आकडेमोड ही मुलं रोज करतात. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, गणित येत होतं. पण गुणपत्रिकेत दोन्हींचा एकच रकाना असतो.

दरवाज्यात मुख्याध्यापक उभे होते. नियमाप्रमाणे वर्गात इंग्रजीच हवी आणि ते राबवणं त्यांचं काम. शाळेत छडीलाही कायद्यानं परवानगी आहे. ती माझ्या हातात कधीच येणार नाही हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं. आता मी ही दुसरी सवलत मागत होते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा आणि मंदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, आले. सर म्हणाले, "मीही असाच शिकलो. मला कुणी सांगितलं नाही की फ्रॅक्शन म्हणजे सेहेमू. मला वाटायचं काहीतरी वेगळंच आहे."

"मग?"

"मग काय, मी इतिहासाचा शिक्षक झालो."

सगळे हसले. तेही हसले.

दुसऱ्या दिवसापासून मी फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्वाहिली. डावीकडचा प्रत्येक शब्द आधी उजवीकडे सोडवायचा, मग डावीकडे उत्तर लिहायचं. मुलांनी वह्यांनाही मधोमध घडी घातली. नवऱ्यानं भौतिकशास्त्रात तेच सुरू केलं आणि आमच्यासाठी शब्द गोळा करायला जीवशास्त्राचे तरुण शिक्षक पुढे आले. सरांनी हरकत घेतली नाही. फक्त एक अट घातली: महिनाअखेरची चाचणी पूर्ण इंग्रजीत होईल आणि उत्तरपत्रिका ते स्वतः पाहतील, कारण फॉर्म टूची सरकारी परीक्षा इंग्रजीतच असते.